मायची चक्कर आन् लातूरचा कान-नाक-घशाचा दवाखाना (५ पैकी ४ स्टार)

आमची माय ६४ वर्षांची, औसा तालुक्यातल्या खेड्यात राहते, पाच शेळ्या सांभाळते. दिवाळीनंतर एक दिवस पहाटं उजव्या कुशीवर वळली आन् घर गरगर फिरायला लागलं, बाज धरून बसली, उलटी झाली. मिनिटभरात थांबलं पण परत आडवं झालं की तेच. अगोदर दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं, तिथं बीपी बघितला, मानेचा एक्सरे काढला, मणक्यात गॅप हाय म्हणले, मानेला पट्टा आन् चक्करच्या गोळ्या. अडीच महिने गोळ्या खाल्ल्या, त्यानं ती दिवसभर गुंगीत, चालताना भिंतीला हात लावून, चक्कर मात्र हाय तशीच. पैसे गेले ते जाऊ द्या, पण तिथं एकानंही तिला आडवं करून बघितलं नाही ह्याचा राग मला अजून हाय.

लातूरच्या ह्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फाईल बाजूला ठेवली आन् पहिलं विचारलं, "मावशी, बसल्यावर फिरतं का वळल्यावर? किती वेळ?" मग डोळ्याला कॅमेऱ्याचा चष्मा लावला, मान उजवीकडं वळवून झटकन मागं झोपवलं, डोकं बेडच्या कडेखाली. "काही झालं तरी डोळे मिटू नका, मी धरलंय तुम्हाला." चारपाच सेकंद काहीच नाही, आन् मग स्क्रीनवर मायचे डोळे झटके देत गोल फिरायला लागले. मी तिथंच उभा होतो, अंगावर काटा आला.

चक्कर कानाची आन् फिरतात डोळे, हे कसं, तर बाईंनी नीट बसवून सांगितलं. प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात पाणी. आपल्याकडं अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळण घेतो तेव्हा आतलं पाणी मागं राहतं ना, तसंच डोकं वळलं की नळीतलं पाणी मागं राहतं आन् तिथले बारीक केस वाकतात, मेंदूला कळतं डोकं वळलं. मेंदू लगेच डोळे उलट्या बाजूला फिरवतो म्हणून नजर ठरते. करून बघा, मोबाईल स्थिर धरून मान हलवा, अक्षरं वाचता येतात, आता मान स्थिर ठेवून मोबाईल तेवढ्याच जोरात हलवा, नाही वाचता येत. नळ्यांच्या शेजारी दोन पिशव्या असतात, त्यात चुन्याचे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे, त्यांच्या वजनानं वर-खाली कळतं. वय झालं की त्यातले काही सुटतात आन् नळीत जातात. मग माय नुसती कुशीवर वळली तरी खडे घरंगळतात, पाणी ढकललं जातं, मेंदूला वाटतं डोकं अजून फिरतंय, आन् तो डोळे फिरवत राहतो.

आता सांगा, नळीत अडकलेला खडा गोळीनं कसा निघंल?

उपाय म्हणजे मान आन् अंग ठरलेल्या क्रमानं वळवून खडे परत पिशवीत नेणं. अमेरिकेतल्या जॉन एपली नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली, १९९२ ला छापली, सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांचा विश्वासच बसला नव्हता. मायला चार वेळा वळवलं, दर वेळी थोडं थांबून, सगळं मिळून दहा मिनिटं. मधी लै गरगरलं, बाईंनी हात सोडला नाही. आठ दिवसांनी परत तपासलं, डोळे शांत. दोन्ही वेळचे मिळून १३०० रुपये.

घरी आल्यावर मी कोंबडी हातात धरून तिचं अंग वर-खाली केलं तर मुंडकं हवेत जागच्या जागी, तिच्याही कानात ह्याच नळ्या आन् पिशव्या. पडणारं मांजर सुद्धा हवेत आधी डोकं सरळ करतं, मग अंग. मायच्या शेळ्या मागच्या दोन पायांवर उभ्या राहून बाभळीचा पाला खातात, ते रोज बघायचो पण कधी विचार केला नव्हता. बाईंनी हेही सांगितलं की तोल एकट्या कानाचं काम नाही, डोळे आन् तळपाय पण लागतात, म्हणून म्हाताऱ्या माणसानं अंधारात बांधावरनं चालू नये, बॅटरी न्यावी.

एक गोष्ट बाईंनी दोनदा बजावली. चक्करसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचं दोन दिसलं किंवा हातपाय लुळा पडला तर इथं येऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात पळा, तो मेंदूचा झटका असू शकतो.

एक स्टार कापला तो जिन्याचा. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला, आन् येणारे निम्मे पेशंट तोल जाणारे. फोनवर नंबर लावत नाहीत, आम्ही दोन तास बसलो, खुर्च्या कमी म्हणून एक आजोबा पायरीवर बसले होते. तपासायची खोली तरी खाली आणा ही बाईंना हात जोडून विनंती. तोवर पेशंटसंगं एक धडधाकट माणूस न्या, उतरताना त्याला पुढं चालू द्या.