आयबा-१ अँटीबॉडी: रंग उत्तम, पण नव्या लॉटवर डोळे मिटून विश्वास नको

आयबा-१ या प्रथिनाला चिकटून मायक्रोग्लिया रंगवणारी ही अँटीबॉडी; तीन वर्षांत तिच्या चार बाटल्या संपवल्या. आमचं काम उंदरांच्या मेंदूवर, स्क्रेपी या प्रायॉन आजाराच्या (बिघडलेल्या प्रथिनांमुळे मेंदू झिजवणाऱ्या) आरएमएल नावाच्या स्ट्रेनचं. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, स्लाइडवर नीट दिसाव्यात एवढीच अपेक्षा.

आणि दिसतात! निरोगी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, इवलंसं अंग, चहूबाजूंना बारीक फांद्या, एकमेकींपासून अंतर राखून. आजारी उंदरात त्याच जागी फांद्या आखूड नि जाड, अंग फुगलेलं, आणि गर्दी इतकी की मोजताना आकडा हमखास चुकतो. मध्येमध्ये मेंदूला पडलेली भोकं, स्पंजासारखी. १९१९ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-ऑर्तेगा यांनी याच पेशी चांदीचे क्षार वापरून वेगळ्या दाखवल्या होत्या. माझ्याच्याने तो खटाटोप झाला नसता.

संसर्ग मारण्यासाठी फॉर्मॅलिनमधला मेंदू आधी तासभर फॉर्मिक आम्लात ठेवावा लागतो. त्यानंतर आमच्याकडच्या दोन अँटीबॉड्या रुसल्या, ही नाही. सायट्रेट बफरमध्ये उकळून, एकास हजार डायल्यूशनला झकास चालते.

तक्रार तिसऱ्या बाटलीची. लॉट (उत्पादनाची खेप) नवा, पद्धत तीच, आणि अख्खा सेक्शन, म्हणजे मेंदूचा पातळ काप, गढूळ तपकिरी. दोन आठवडे मी स्वतःलाच बोल लावत होते: पेरॉक्साइड जुनं असेल, धुणं कमी पडलं असेल. शेवटी जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेली अँटीबॉडी शेजारच्या सेक्शनवर लावली, तो लख्ख आला. कंपनीने बाटली बदलून दिली, पण ‘तुमचा फ्रीजर तपासा’ हे तीनदा ऐकवून.

आणखी एक. रक्तातून आत शिरलेल्या मॅक्रोफेजनाही, म्हणजे भक्षक पेशींनाही, ही तसंच रंगवते. तपकिरी गर्दी दिसली म्हणून ‘मायक्रोग्लियानेच मेंदू खाल्ला’ असं लिहू नका. २०१३ च्या प्रयोगात मायक्रोग्लियाला वाढीसाठी लागणारा सीएसएफ१आर हा रिसेप्टर अडवून त्यांची वाढ रोखली, तर उंदरांचा आजार मंदावला. २०१८ मध्ये दुसऱ्या औषधाने त्यांची संख्या पार घटवली, तर उंदीर उलट लवकर मेले. कुठल्या बाजूच्या आहेत या पेशी, ते ही बाटली सांगत नाही. मी शेजारच्या सेक्शनवर मायक्रोग्लियावरच्या पी२आरवाय१२ या प्रथिनाची अँटीबॉडी लावते. ती खूण शांत मायक्रोग्लियावर ठळक असते आणि आजारात फिकी पडते, म्हणून दोन्ही लागतात.

पाचपैकी चार तारे. बाटली आली की लगेच पाच-पाच मायक्रोलिटरचे भाग करा, आणि त्यातले दोन पुढच्या लॉटशी ताडून बघायला राखून ठेवा.