डीप की एस-टू-आयडल? लिनक्सवर लॅपटॉप झोपेतून उठत नसेल तर

झाकण उघडलं, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळाच. अशा वेळी बहुतेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात, आणि असं चार वेळा झालं की उपाय शोधायला बसतात. उपाय दोन दिसतात : झोपेचा प्रकार बदलून एस-टू-आयडल (s2idle, हलकी झोप) करायचा, नाहीतर डीप (deep, जवळजवळ सगळं बंद करणारी झोप) तसंच ठेवून त्याचं दुखणं शोधायचं.

आधी सिस फोल्डरमधल्या पॉवरमध्ये मेम_स्लीप ही फाइल (/sys/power/mem_sleep) वाचा. चौकटी कंसातला शब्द म्हणजे सध्याचा प्रकार. तिथे डीप नसेलच, तर फर्मवेअर (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस) एस-थ्री, म्हणजे डीप झोप, देत नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हेच असतं. काही थिंकपॅडमध्ये बायोसमधला स्लीप स्टेट 'लिनक्स'वर नेला की डीप मिळतं. नाहीतर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

एस-टू-आयडलची बाजू भक्कम आहे. इथे ताबा फर्मवेअरकडे जातच नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोसेस गोठवतो आणि उपकरणं शांत करतो, एवढंच. त्यामुळे उठताना अडकण्याच्या जागा कमी आणि स्क्रीन लगेच येतो. त्याच मेम_स्लीप फाइलीत रूट म्हणून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) s2idle हा शब्द लिहून आधी चाचणी घ्या. रीबूट केलं की बदल जातो. कायम ठेवायचं तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) mem_sleep_default=s2idle हा पॅरामीटर घालून अपडेट-ग्रब चालवा.

पण माझं मन उडालं ते बॅगेमुळे. एस-टू-आयडलमध्ये एखादं उपकरण नीट शांत झालं नाही, तर अख्खी मशीन अर्धी जागी राहते. माऊसचा डोंगल लावलेला असेल तर तो हलूनही ती उठू शकते. नागपुरात नवतपात (मे-जूनमधल्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बर्डीहून मिहानपर्यंत गाडीवर जायचं, बाहेर ४५ अंश, बॅगेत वारा नाही. पोहोचून लॅपटॉप काढला की बूड चटका देतं आणि बॅटरी बरीच उतरलेली असते. थर्मामीटर लावून मोजलेलं नाही, पण हाताला कळतं. तुमच्या मशीनवर कदाचित असं होणारही नाही. इंटेल असेल तर डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फोल्डरातल्या) पीएमसी_कोरमध्ये एसएलपी_एस-झिरोचा, म्हणजे गाढ विश्रांतीत गेलेल्या वेळेचा, आकडा झोपेआधी आणि झोपेनंतर पाहा. तो वाढलाच नाही, तर प्रोसेसर त्या गाढ विश्रांतीत गेलेलाच नाही.

डीपमध्ये रॅम तेवढी जिवंत राहते, बाकी जवळजवळ सगळं बंद. बॅग गार. मात्र उठताना प्रत्येक ड्रायव्हरला आपलं उपकरण नव्याने उभं करावं लागतं, आणि एक अडला की सगळे अडतात.

म्हणून काळा स्क्रीन दिसला की आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा बदलला तर कर्नल बहुधा जिवंत आहे आणि दुखणं ग्राफिक्सचं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ करून (नुसत्या अक्षरांचा पडदा येतो का ते) पाहा, किंवा दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करा, म्हणजे नेटवर्कवरून आत शिरा. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या सस्पेंड आणि रिझ्यूम या दोन्ही सर्व्हिस चालू आहेत का ते तपासा, आणि व्हिडिओ मेमरी जपण्याचा मॉड्यूल-पर्यायही लावा.

दिवा बदलत नसेल तर त्याच पॉवर फोल्डरमधली पीएम_टेस्ट ही फाइल वापरा; ती झोपेचा एकेक टप्पा वेगळा तपासू देते. फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोर, या क्रमाने एकेक शब्द लिहून झोपवा. सहसा ५ सेकंदांनी मशीन आपोआप परत येते. डिव्हायसेसवर अडली तर ड्रायव्हर दोषी. वायफायवर संशय असेल तर झोपण्याआधी त्याचं मॉड्यूल काढणारी आणि उठल्यावर घालणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या स्लीप फोल्डरात ठेवा. कोरपर्यंत सगळं पार पडून खऱ्या झोपेतच अडत असेल, तर संशय फर्मवेअरवर. बायोस अपडेट करा. चाचण्या झाल्या की पीएम_टेस्टमध्ये 'नन' (none) लिहायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप खरा झोपतच नाही. पीएम_ट्रेस (उठताना कुठे अडलं त्याचा माग ठेवणारी सोय) मात्र शेवटी; तो माग घड्याळाच्या चिपमध्ये लिहितो, त्यामुळे तारीख-वेळ बिघडते.

हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) हा तिसरा मार्ग आहे, पण त्याला डिस्कवर पुरेशी स्वॅप लागते, झेडरॅम (रॅममध्येच बनवलेली स्वॅप) चालत नाही, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक डिस्ट्रोंमध्ये कर्नल तो अडवतो.

लॅपटॉप घरीच टेबलावर, चार्जर लावलेला, समोर कूलर चालू, असा असेल तर एस-टू-आयडल करून मोकळे व्हा. रोज बॅगेत जाणार असेल तर एक संध्याकाळ डीपला द्यावी असं मला वाटतं. दुरुस्तीनंतर आरटीसीवेक या कमांडने (ती ठरल्या वेळी मशीन आपोआप उठवते) ६० सेकंदांची झोप निदान १० वेळा लावून पाहा, काही वेळा चार्जर काढून. दहाही वेळा उठला, तरच बॅगेत टाका.