पुण्यातले साल्सा-बचाता सोशल: ११ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टपासून जवळजवळ दर रविवारी मी साल्सा-बचाताच्या सोशलला जाते आहे. वय ४२, राहणं कोथरूडला, नोकरी बँकेतली. शाळेतलं लेझीम आणि मंगळागौरीच्या फुगड्या सोडल्या तर नाच कधी शिकलेले नव्हते. पहिल्या महिन्यातच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता काय टिकलं आणि काय खुपतं ते नीट सांगता येईल.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: साल्सा आणि बचाता हे लॅटिन संगीतावर जोडीने करायचे नाच आणि सोशल म्हणजे ते नाचायला जमायची संध्याकाळ. एखाद्या कॅफेचा नाहीतर हॉटेलचा वरचा मजला, टेबलं भिंतीला सरकवलेली. सातच्या सुमारास नवख्यांसाठी पाऊण तासाचा वर्ग, मग साडेअकरापर्यंत नाच. तिकीट ३०० ते ५०० रुपये. डीजे दोन साल्सा, दोन बचाता असं आलटून पालटून लावतो, किझोंबा या संथ जोडीच्या नाचाला काही ठिकाणी वेगळी खोली असते. जोडीदार बरोबर आणावा लागत नाही. कोणीही कोणालाही विचारायचं, एक गाणं नाचायचं, थँक यू म्हणायचं आणि सुटं व्हायचं. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर या बाजूला हे जास्त चालतं. रात्री आमच्या कोथरूडला परत येताना अर्धा तास गाडी चालवायची तयारी हवी. गच्चीवरच्या जागा मी टाळते, कारण उघड्यावरचे स्पीकर १० वाजता बंद होतात आणि तेव्हाच तर रंग भरायला लागलेला असतो.

पहिल्या रविवारी वर्गात पावलं जमली होती. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चार आणि आठ मोकळे. मग दिवे मंद झाले, गाणी पळायला लागली आणि मी भिंतीजवळच्या खुर्चीत ४० मिनिटं बसून राहिले. फ्लोअरवर एक पंचविशीतला मुलगा फार सुंदर नाचत होता, जोडीदारणीला एका दमात तीन-तीन गिरक्या देत होता. गाणं संपल्यावर तो सरळ माझ्यासमोर आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ताई, हे करूया का? मी अगदी साधंच घेईन." पूर्ण गाणंभर त्याने बेसिक पावलं, क्रॉस बॉडी लीड (जोडीदारणीला आपल्यासमोरून पलीकडे नेणं) आणि एक उजवं वळण एवढंच केलं. माझं पाऊल चुकलं की तो जागेवर थांबून पुढच्या 'एक'ची वाट बघायचा. शेवटी म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी याच." मी गेले. तो आला नसता तर गेले नसते, हे मला पक्कं माहीत आहे.

त्यामुळे सोशल चांगला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: नव्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात कोणी नाचायला विचारतं का. मी पुण्यातल्या पाच-सहा ठिकाणी जाऊन आले. दिवे, पेयं, फोटोसाठीची भिंत सगळीकडे बरीच सारखी. फरक पडतो तो इथे. एका ठिकाणी आयोजक स्वतः खुर्च्यांपाशी फेरी मारतात, बसलेल्यांची ओळख करून देतात, जुन्या मंडळींना हाक मारून बोलावतात. दुसरीकडे उत्तम नाचणाऱ्या दहा-बाराजणांचा घोळका आपसातच नाचतो. तिथे मी तीनदा गेले आणि सोडून दिलं.

आता शिकण्याबद्दल. वर्गात सगळे 'फ्रेम ठेवा' म्हणून सांगतात, म्हणजे हातात नेमका ताण ठेवा. मला दोन महिने ते उमगत नव्हतं. हात एकतर लुळे पडायचे नाहीतर काठीसारखे ताठ व्हायचे. घरी एकदा आईचे हात धरून तिला दाखवत होते, तर ती लगेच म्हणाली, "अगं, ही तर फुगडीची पकड. हात सैल सोडलास तर पडशील आणि ओढलंस तर समोरची पडेल." ७१ वर्षांची आई टाचा रोवून किंचित मागे रेलली आणि तिचं वजन माझ्या बोटांपर्यंत आलं. पुढच्या रविवारी तेवढाच भार हातात ठेवून नाचले आणि लीड, म्हणजे नाच नेणारा जोडीदार, काय सांगतोय ते त्याच्या हाताआधी माझ्या पाठीला कळायला लागलं. फुगडी घातलेल्या प्रत्येकीला हे ऐकवावंसं वाटतं: निम्मं काम तुमचं झालेलं आहे.

दुसरी मोठी गोष्ट कानाची. सुरुवातीला मी आकडे मोजत नाचायचे आणि मोजणं चुकलं की सगळंच कोलमडायचं. मग एका डीजेने सांगितलं की साल्साचं गाणं अर्ध्यावर आल्यावर, गायक आणि कोरस यांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण सुरू झाली की, बोंगो (लहान ढोलांची जोडी) वाजवणारा हातात घंटा घेतो. तिचा जड ठोका एक, तीन, पाच, सातवर पडतो. तो एकदा सापडला की मोजायची गरज उरत नाही. गाडीवर, स्वयंपाक करताना, महिनाभर मी तेवढंच ऐकत राहिले. आता एखाद्या गर्दीच्या गाण्यात कोंगा आणि टिंबालेससारखे ढोल, ट्रॉम्बोन सगळे एकदम वाजत असले तरी ती घंटा मला वेगळी ऐकू येते, ढोलांच्या गजरात ताशा ऐकू येतो तशी.

बचाताबद्दल थोडं आपुलकीने. पावलं सोपी, तीन पावलं आणि चौथ्यावर टेकवणी, म्हणून बरेचजण त्याला नवख्यांचा नाच समजतात. त्याची हकिकत कळल्यावर मी तो वेगळ्या नजरेने नाचायला लागले. डॉमिनिकन रिपब्लिकमधली ही गरिबांची गाणी. हुकूमशहा त्रुहियो १९६१मध्ये मारला गेला आणि १९६२मध्ये गायक होसे मान्युएल काल्देरोनने पहिली बचाता ध्वनिमुद्रित केली. पुढे कितीतरी वर्षं सभ्य घरांत ही गाणी चालत नसत. दारूच्या गुत्त्यांतलं संगीत म्हणून हिणवलं जाई. २०१९मध्ये युनेस्कोने त्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. लावणीच्या वाट्याला काय काय आलं हे माहीत असलेल्या मराठी माणसाला यातलं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी स्पेनकडून आलेली, अंगाच्या लाटांवर भर देणारी सेन्शुअल बचाताच शिकवतात. डॉमिनिकन पायकाम शिकवणारं कोणी भेटलं तर सोडू नका, गिटार पायांनी ऐकता येते.

बूट आणि फरशी. हॉटेलांतल्या फरश्या गुळगुळीत टाइलच्या असतात. त्यावर कोणाचं पेय सांडलं की घसरतं आणि एरवी रबरी तळवा चिकटून बसतो. चिकटलेल्या तळव्यावर वळण घेतलं की पाय जागेवर राहतो, गुडघा फिरतो. माझा डावा गुडघा डिसेंबरात असाच दुखावला. मग ३,२०० रुपयांचे सुएड (मऊ, खरखरीत चामड्याच्या) तळव्याचे बूट घेतले, टाच दोन इंची. सात महिन्यांत शिवण उसवलेली नाही, टाचेचं टोपण एकदा बदललं. तळवा मळून गुळगुळीत होतो, त्याला तारेच्या ब्रशने दर दोन आठवड्यांनी घासावं लागतं. हे बूट घालून रस्त्यावर उतरू नका आणि पावसाळ्यात कापडी पिशवीत वेगळे न्या. महिनाभर वर्गाला गेल्यावर आवड टिकली तरच घ्या. तोवर जुन्या, झिजलेल्या तळव्याचे कॅनव्हास बूट पुरतात.

आता तक्रार. नोव्हेंबरात एका सोशलला एका माणसाने न विचारता मला अचानक डिपमध्ये खाली झुकवलं. मी तयार नव्हते, कंबरेत चमक भरली, दहा दिवस खुर्चीतून उठताना हात टेकावा लागत होता. तिथल्या आयोजकांना सांगितलं तर उत्तर मिळालं, "तो फार सीनिअर डान्सर आहे, चुकून झालं असेल." मला त्या दुखण्यापेक्षा त्या उत्तराचा जास्त राग आला. अनोळखी व्यक्तीला, तिचं शरीर माहीत नसताना, खाली झुकवायचं नसतं. हे पहिल्याच वर्गात शिकवायला हवं. मी तिथे जाणं बंद केलं. जिथे हल्ली जाते तिथे वर्गाच्या सुरुवातीलाच सांगतात: नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही, हात सोडून थांबलात तरी चालतं आणि काही खटकलं तर अमुक दोघांना येऊन सांगा. मुलींनो, बायांनो, हे सांगणारी जागा शोधा, जरा दूर पडली तरी.

स्वतःकडूनही काही पाळावं लागतं. अंगठ्या काढून ठेवा; माझ्या अंगठीने एका मुलाचं बोट चांगलंच ओरखडलं होतं. मंगळसूत्र समोरच्याच्या बटणात अडकतं, मी ते घरीच ठेवते. मे महिन्यात पुरुषांनी दोन जादा टी-शर्ट आणायलाच हवेत. आणि एखाद्याला नाही म्हटलं तर तेच गाणं लगेच दुसऱ्याबरोबर नाचू नये, मन दुखावतं.

एक अडचण सगळीकडे आहे: फॉलो करणाऱ्या बायका जास्त, लीड कमी. त्यामुळे दोन-दोन गाणी बसून जातात. जानेवारीपासून मी लीड करायला शिकले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आता डाव्या पायाने, पुन्हा दोन महिने आकडे मोजणं. आता तीन वळणं आणि क्रॉस बॉडी लीड नीट येतं, नव्या मुलीला एक गाणं सांभाळून नेण्याएवढं. परवाच्या रविवारी साठीच्या एक बाई लेकीबरोबर आल्या होत्या, लेक नाचत होती आणि त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जाऊन हात पुढे केला. "मला नाही हो येत," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "फुगडी घातलीय ना?" त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि उठल्या.

जुलैपासून 'ऑन टू'च्या बॅचला नाव घातलं आहे, साल्सात 'एक'ऐवजी 'दोन'वर दिशा बदलून नाचायची ती न्यूयॉर्कची पद्धत. रविवारी साडेसातनंतर मी दाराजवळच्या खुर्च्यांपाशीच असते. कोणी पहिल्यांदा येत असेल तर खुशाल येऊन विचारा, मी साधंच घेईन.