गाडी न बघता मिळालेलं पासिंग

आमचा एक टेम्पो आहे, 2014 चं मॉडेल. मध्यरात्रीनंतर वाशीच्या एपीएमसीतून भाजी भरायची आणि उजाडायच्या आत ठाण्याच्या जांभळी नाक्यावर उतरवायची, हे रोजचं भाडं. गाडी माझा नवरा चालवतो, कागदपत्रं मी सांभाळते. म्हणून ही चूक माझ्या हातून झाली. ज्याने फसवलं त्याने आमच्या ओळखीतल्या आणखी दोन गाडीवाल्यांचं काम केलंय असं कळलं, तेव्हा ठरवलं की सगळं लिहून टाकायचं.

भाड्याच्या गाडीला फिटनेस लागतं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, ज्याला आपण पासिंग म्हणतो. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं मिळतात, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. आमची गाडी दरवर्षीवाली. पासिंगला एक दिवस मोडतो, शिवाय रेडियम, मागचा दिवा, वायपर, काही ना काही निघतंच. फेब्रुवारीत मुदत संपत आली होती. गॅरेजजवळ बसणारा एक एजंट म्हणाला, "ताई, गाडी आणायचीच नाही. आता सगळं ऑनलाइन झालंय. आरसी, विमा, पीयूसी व्हॉट्सअ‍ॅप करा आणि गाडीचे चारी बाजूंनी फोटो पाठवा." 8,000 रुपये ठरले, 3,000 आधी, बाकीचे कागद हातात आल्यावर.

चौथ्या दिवशी कागद आला. वर फॉर्म 38, म्हणजे फिटनेसच्या दाखल्याचा नमुना, खाली आमचा नंबर, चेसिस नंबर, सगळं बरोबर, कोपऱ्यात क्यूआर कोड. मी तो स्कॅनही केला. अशोकस्तंभ असलेलं पान उघडलं, त्यावर आमची गाडी आणि पुढच्या वर्षीची तारीख. मी निर्धास्त झाले. त्या पानाचा पत्ता मात्र वाचला नाही. त्यात परिवहन हा शब्द होता, पण शेवट 'गव्ह डॉट इन' असा नव्हता. आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती: अर्ज भरल्याचा एकही मेसेज माझ्या मोबाइलवर आला नव्हता, सरकारी शुल्काची पावतीही त्याने दिली नव्हती.

जूनमध्ये विटाव्याच्या पुढे, कळव्याजवळ तपासणी सुरू होती. साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाले, "फिटनेस फेब्रुवारीतच संपलंय." नवऱ्याने कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो ठेवून घेतला आणि कुठून आणला ते विचारायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी सिग्नल तोडलेला नाही, आणि तो खोट्या कागदाचा आरोपी असल्यासारखा भाजीच्या पोत्यांशेजारी उभा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेल्या भाड्याच्या गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. चलान तर आलंच. त्या चार महिन्यांत अपघात झाला असता, तर विमा कंपनी हात वर करू शकली असती.

पैशांपेक्षा मोठा धक्का नंतर बसला. खरं पासिंग करायचं म्हणून गाडी मेकॅनिककडे नेली. मागचं डावं चाक उघडल्यावर त्याने मला जवळ बोलावून दाखवलं: ब्रेकचं लायनर रिव्हेटपर्यंत घासलं होतं, ड्रमला चर पडले होते. मी काही बोलू शकले नाही. पासिंगला गाडी नेली असती तर त्याआधी चाकं उघडलीच असती, दरवर्षी उघडतो. या वर्षी कागद घरी आला म्हणून उघडली नाहीत. पावसात, रात्री, हौदाभर माल घेऊन माझा नवरा त्या ब्रेकवर गाडी चालवत होता.

खऱ्या पासिंगला गाडी ट्रॅकवर चालवून ब्रेक बघितले. पहिल्या वेळी मागचा दिवा आणि रेडियममुळे नापास झाली, दोन दिवसांनी पास झाली. अर्ज मी स्वतः परिवहनच्या साइटवर भरला, पावती लगेच मिळाली. एजंटचा फोन बंद आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते भलत्याच नावावर निघालं. पोलीस ठाण्यात तक्रार दिलीय आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवरही नोंदवलीय. पैसे पाठवल्याचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट मी पुसले नव्हते, तेच कामी येतायत.

तुमचा कागद कुणीही करून दिलेला असो, एम-परिवहन अ‍ॅपमध्ये आजच गाडीचा नंबर टाका आणि फिटनेसची तारीख बघा. दोन मिनिटं लागतात. क्यूआर कोडवर जाऊ नका.

त्या दोन गाडीवाल्यांचे नंबर मी त्यांच्यासमोर बसून टाकले. दोन्हींचं फिटनेस संपलेलं. त्यातली एक कोपरखैरण्यातली शाळेची व्हॅन आहे. व्हॅनवाल्या दादांनी तिथेच बसून एकेका मुलाच्या घरी फोन लावला आणि पासिंग होईपर्यंत गाडी येणार नाही म्हणून सांगितलं.