नर्सिंग सीईटी: नीटची बॅच लावावी की घरी अभ्यास करावा?

बारावीला पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आहे, एमबीबीएसचा विचार नाही आणि बीएस्सी नर्सिंगलाच जायचं नक्की आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी दोन्ही करून पाहिलंय. अकरावीपासून बारावीच्या दिवाळीपर्यंत सांगलीत विश्रामबागला नीटची बॅच होती. दिवाळीनंतर ती सोडली आणि तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी घरी बसून सीईटीचा अभ्यास केला. आता मिरजेत बीएस्सी नर्सिंगला आहे. पात्रता, वयाची अट, फॉर्म कुठं भरायचा हे तुम्हाला माहीत असणार, त्यामुळे ते सोडून देते.

आपल्याकडे अजूनही घरोघरी ऐकू येतं की नीट केली की नर्सिंगचं आपोआप होतं. यामागे कारण आहे. 2022 च्या आधी महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश नीटच्या गुणांवर होत होते. ज्यांच्या ताईचा नंबर तेव्हा लागला, त्यांच्या घरी तोच सल्ला पुढं आला. 2022 पासून मात्र राज्याचा सीईटी सेल नर्सिंगची वेगळी परीक्षा घेतो. तिचा ढाचा नीटपेक्षा इतका निराळा आहे, की त्या सल्ल्यावर विसंबून दोन वर्षांची फी भरण्याआधी थोडं थांबून बघावं असं मला वाटतं.

आधी बॅचच्या बाजूनं बोलते, कारण तिथं मला खरंच बरंच मिळालं. फिजिक्स मला समजलं ते बॅचमुळेच. रे ऑप्टिक्स आणि करंट इलेक्ट्रिसिटी शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर एकेक आकृती इतक्या सावकाश काढली, की आजही डोळे मिटले तरी दिसते. घरी पुस्तक वाचून मला ते जमलं नसतं. बॅचला अभ्यासिका असते, सोबत असते. शेजारची मुलगी रात्री आठपर्यंत बसते म्हटल्यावर आपणही बसतो. शिवाय तुम्हाला मिलिटरी नर्सिंगची आस असेल, म्हणजे पुण्याचं सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) वगैरे, तर तिथल्या मुलींच्या बीएस्सी नर्सिंगसाठी नीटचे गुण लागतातच. बीएएमएस, बीएचएमएसचं दार उघडं ठेवायचं असेल तरी नीट हवीच. अशांनी बॅच सोडू नये. त्यांच्यासाठी माझं पुढचं म्हणणं फारसं लागू नाही.

एसटीच्या प्रवासाबद्दल मी काही म्हणणार नाही. मुलींना तिकीट अर्धं आहे आणि तासगाव-सांगली काही लांब नाही. प्रवासानं थकवा येतो, पण माझा निर्णय त्यावरून झाला नाही.

तो झाला रविवारच्या टेस्टवरून.

नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक गुण वजा. साहजिकच प्रत्येक बॅच पहिल्या महिन्यापासून एकच शिस्त लावते: खात्री नसेल तर प्रश्नाला हात लावायचा नाही. आमच्याकडे टेस्टनंतर सर उत्तरपत्रिका घेऊन बसायचे आणि प्रत्येक चुकीच्या गोळ्यापाशी पेन टेकवून विचारायचे, "हा का भरलास?" कोरा सोडलेल्या प्रश्नाबद्दल कुणी काही विचारत नसे. नीटसाठी हे अगदी योग्य आहे, सरांचं काहीच चुकत नव्हतं. पण नर्सिंग सीईटीला वजा गुण नाहीत. शंभर प्रश्न, शंभर गुण, नव्वद मिनिटं. तिथं कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे हातानं टाकून दिलेला गुण. चार पर्यायांतला एक जरी नक्की चुकीचा दिसला, तरी उरलेल्या तिनांतून एक निवडायलाच हवा. बारा प्रश्न कोरे ठेवून आलात, तर नुसता अंदाज लावून सरासरी तीन गुण मिळाले असते तेही गेले. आणि मेरिट लिस्टमध्ये दोन-तीन गुणांच्या मध्ये किती मुलं बसलेली असतात, हे यादी लागली की कळतं.

मी घरी पहिल्यांदा सीईटीच्या धर्तीवर पेपर सोडवायला घेतला तेव्हा इंग्रजीच्या प्रश्नांवरही हात अडकायचा. प्रीपोझिशनचा साधा प्रश्न, दोन पर्यायांत शंका, आणि बोट आपोआप पुढच्या प्रश्नावर. ही सवय सुटायला वेळ लागला. ही सवय लागली नसती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं, कारण फिजिक्सचा धडा राहिला तर महिन्यात भरून काढता येतो, हाताला लागलेलं वळण तितक्या लवकर मोडत नाही.

त्याच टेस्टची दुसरी अडचण गुणांच्या वाटणीची. नीटला बायोलॉजी निम्मी, 180 पैकी 90 प्रश्न. म्हणून बॅचचा निम्मा जीव बायोलॉजीत. नर्सिंग सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी वीस. म्हणजे इंग्रजीचं वजन बायोलॉजीएवढंच, आणि इंग्रजी व अॅप्टिट्यूड मिळून चाळीस गुण असे, की ज्यांचा नीटच्या बॅचमध्ये एक तासही होत नाही. मी एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं, "ते काय, जाता जाता होतं." चाळीस टक्के पेपर जाता जाता होत नाही.

प्रश्नांचा पोतही वेगळा. 'रेस्पिरेशन अँड सर्क्युलेशन'चाच धडा घ्या. बॅचमध्ये त्यावर ईसीजीच्या लहरी आणि घटना यांच्या जोड्या, चार विधानांतली कोणती बरोबर, असे दोन-दोन मिनिटं खाणारे प्रश्न यायचे. सीईटीसाठी मी जो सराव केला त्यात सरळ विचारलेलं: स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त) 70 मिली, मिनिटाला ठोके 72, कार्डिअक आउटपुट (मिनिटाला बाहेर पडणारं रक्त) किती? गुणाकार केला, 5040 मिली, म्हणजे साधारण पाच लिटर, पुढं चला. एका प्रश्नाला 54 सेकंदच मिळतात, त्यामुळे इथं खोलीपेक्षा वेग आणि पाठ्यपुस्तकावरची पकड जास्त कामाला येते, असा माझा तरी अनुभव आहे.

घरचा अभ्यास मी बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर केला. पीडीएफ फुकट मिळते, पण छापील पुस्तक घ्या. बायोलॉजीत मानवी शरीराचे धडे आधी घेतले: कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन, ह्यूमन हेल्थ अँड डिसिझेस. आकृतीखालची ओळ, चौकटीतली माहिती, धड्यामागचे बहुपर्यायी प्रश्न, यातलं काही सोडलं नाही. बोर्डाची तयारीही त्यातच झाली, आणि प्रवेशाला पीसीबीचे किमान टक्के लागतातच, खुल्या वर्गाला 45, राखीवला 40. इंग्रजीसाठी रोज एक उतारा आणि व्याकरणाचे थोडे प्रश्न. एवढंच, पण खाडा न करता.

अॅप्टिट्यूडचं पुस्तक बाजारात मिळतं, ते चाळा. त्यापेक्षा मला जास्त उपयोग झाला तो गावच्या आशाताईंचा. त्यांच्यासोबत उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी बसायला लागले. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपॅटायटिस बी. मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. हे तक्त्यावरून पाठ करायला गेलं की गळतं. तिथं एक बाई कडेवर बाळ आणि हातात माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन विचारत होती, "ताई, आता कुठली राहिली?" आणि एएनएम सिस्टर कार्डवर बोट फिरवून एकेक रकाना तपासत होत्या. ते बघितलं आणि डोक्यात बसलं. रुग्ण चिडला तर आधी काय करायचं, नातेवाईक रडत असतील तर काय बोलायचं, असे प्रसंगावरचे प्रश्नही अशा ठिकाणी बसलं की अवघड वाटत नाहीत. शिवाय या कामात आपलं मन रमतं का, हेही तिथंच कळतं.

घरच्या अभ्यासाची खरी अडचण द्राक्षबाग असलेल्या घरांना वेगळी सांगायला नको. जानेवारी ते मार्च माल काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि घरात मोकळं दिसणारं माणूस म्हणजे अभ्यासाला बसलेली मुलगी. मजुरांचा चहा, डबे, हिशोबाची वही, सगळं तिच्याकडे येतं. आईशी स्पष्ट बोलून सकाळचे तास ठरवून घ्यावे लागतात, नाहीतर अभ्यास रात्रीवर जातो आणि रात्री डोळे मिटतात. दुसरी अडचण फिजिक्सची. ज्याचा पाया कच्चा आहे त्यानं ज्युनिअर कॉलेजच्या सरांना गाठावं, किंवा एकट्या फिजिक्सची शिकवणी लावावी. ती पूर्ण बॅचपेक्षा बरीच स्वस्त पडते. आणि सीईटी संगणकावर असते, नीटसारखे गोळे रंगवायचे नसतात. मोबाइलवर सराव करून मोठ्या स्क्रीनची सवय होत नाही, तेव्हा परीक्षेआधी काही पेपर संगणकावर माउस धरून सोडवाच.

बारावीनंतर निघणाऱ्या नर्सिंग सीईटीच्या छोट्या बॅचेस मी केल्या नाहीत. ज्या मैत्रिणींनी केल्या त्यांना पेपरच्या सरावाचा फायदा झाला म्हणतात.

कुणाला काय जमेल हे ज्याचं त्यानं बघावं. घरी अजिबात शांतता नसेल, किंवा कुणी मागे लागल्याशिवाय पुस्तक उघडत नसेल, तर बॅच बरी. पण नर्सिंगच करायचं पक्कं असेल आणि धाकट्या बहिणीनं मला विचारलं, तर मी तिला बालभारती, फिजिक्सची शिकवणी आणि उपकेंद्र एवढंच सांगेन.

वाचलेला वेळ आणखी एका कामाला लागतो, कागदपत्रांच्या. जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत सांगलीच्या समितीकडे जाऊ द्या. निकालानंतर तिथं गर्दी असते. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावरची मुदत बघा, ती 31 मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर असतात. मुलींनी उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवावा: 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी नाही. सांगलीचं भारती विद्यापीठ आणि कराडचं कृष्णा ही दोन्ही अभिमत आहेत, त्यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी चालते. तिथं अर्ज करायचा असेल तर फीचा आकडा घरी आधी सांगा, आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना सरकारी कॉलेजं वर ठेवा, मग ती सांगली जिल्ह्याबाहेरची असली तरी चालतील.