आठशे रुपये देऊन खुर्चीवरनं उठायला शिकलो

मी अलेक्झांडर टेक्निक शिकतोय, म्हणजे उठताबसता मान-पाठ आवळायची सवय सोडवायची पद्धत. आधीच सांगतो, क्लासचं नाव टाकणार नाही. मॅडमनीच नको म्हटलंय, त्या पुण्याहून महिन्यातनं दोनदा येतात, दोन-दोन दिवस कोल्हापुरात राजारामपुरीत ओळखीच्यांच्या हॉलमध्ये शिकवतात आणि आत्ताच वेटिंग हाय. तरी लिहितोय, कारण मी जायच्या आधी अलेक्झांडर टेक्निक म्हणून मराठीत शोधलं तर काय म्हणजे कायच सापडलं नव्हतं.

माझं शाहूपुरीत मोबाईल रिपेरिंगचं दुकान. सकाळी दहा ते रात्री नऊ मायक्रोस्कोपमध्ये डोळा, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात हीट गन. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पार्ट उचलायचे म्हणजे श्वाससुद्धा रोखून धरायचा. सतरा वर्षं हेच केलं. मान आखडायची, उजव्या हाताला मुंग्या, रात्री कूस बदलली की चमक. एक्सरे झाला, एमआरआय झाला, गळ्यात पट्टा झाला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं काही नाही, पोश्चर सुधारा. आता पोश्चर सुधारा म्हणजे काय करा, ते कोण सांगत नाही राव. मी आपला छाती काढून ताठ बसायचो, पाच मिनिटांत पाठ भरून यायची आणि परत कासव.

पहिल्या लेसनला ट्रॅक पँट घालून गेलो, वाटलं व्यायाम असणार. मॅडमनी साध्या लाकडी खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, उठा. उठलो. बसा. बसलो. असं चाळीस मिनिटं! फक्त त्यांचा एक हात मानेच्या मागं, अगदी हलका, आपण पिकलेल्या केळ्याला लावतो तसा. म्हणाल्या, "उठायचं मनात आलं की तुम्ही पहिलं काय करता माहितीये का? डोकं मागं खेचता आणि खांदे कानाला लावता." मी म्हटलं कायतरीच. तर त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला. आईशप्पथ, उठायच्या आधी माझी हनुवटी वर आणि मान आत, जसं कोणी मागनं केस धरून ओढतंय.

हे टेक्निक काढणारा फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर, १८६९ ला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात जन्मलेला, स्टेजवर नाट्यप्रवेश म्हणून दाखवणारा माणूस. त्याचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, विश्रांतीनं बरा व्हायचा, स्टेजवर गेला की परत घसा बसायचा. म्हणजे बोलताना आपणच कायतरी करतोय म्हणून हा गडी आरसे लावून स्वतःला बघत बसला. दिसलं काय, तर तोंड उघडायच्या आधीच डोकं मागं, घसा दाबलेला, श्वास ओढून घेतलेला. माझ्यासारखंच की! फरक एवढाच, त्यानं स्वतःचं स्वतः शोधलं आणि १९०४ ला लंडनला जाऊन ते शिकवायला लागला, मी पैसे भरून शिकतोय.

यात खरं काम आहे ते थांबण्याचं. उठायचंय असं डोक्यात आलं की लगेच उठायचं नाही. आतल्या आत "नाही" म्हणायचं, मान सैल सोडायची, मग उठायचं किंवा नाही उठायचं, दोन्ही चालतं. ऐकायला येडेपणा वाटतो, आमची ही अजून हसते. पण त्या एका सेकंदात सवयीला ब्रेक लागतो हे मी दुकानात अनुभवलं.

इथं मॅडमबद्दल माझी एक तक्रार. सूचना सगळ्या इंग्लिशमधनं, "नेक फ्री, हेड फॉरवर्ड अँड अप". मी फॉरवर्डचा अर्थ पुढं असा घेतला आणि पंधरा दिवस कोंबड्यासारखी मान पुढं काढून हिंडलो, दुखणं वाढलं ते वाढलंच. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, मान कुठं संपते दाखवा बघू. मी जबड्याखाली बोट लावलं. खरं तर डोकं मणक्यावर टेकतं ते दोन्ही कानांच्या मधोमध, एवढ्या वर. तिथनं नंदीबैलासारखं हळूच हो म्हणायचं, मग डोकं आपोआप तरंगतं. हे नंदीबैलाचं आधी सांगितलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले नसते का?

दुसरी गंमत म्हणजे आपल्याला सरळ काय ते कळतच नाही. मॅडमनी मला उभं केलं, मला वाटलं मी पुढं झुकलोय, आता तोंडावर आपटतो. फोटो बघितला तर ओळंबा लावल्यासारखा सरळ. इतकी वर्षं मागं कललेल्या माणसाला सरळ हेच वाकडं वाटणार. म्हणून हे नुसते व्हिडिओ बघून जमत नाही, हात लावून सांगणारं कोणीतरी लागतंच, आणि तो हात तयार व्हायला तीन वर्षांचं, सोळाशे तासांचं ट्रेनिंग असतं म्हणे. फी म्हणून तेवढी.

घरी करायला एकच गोष्ट. जमिनीवर चटई, पाठीवर झोपायचं, गुडघे वर, तळवे टेकलेले, डोक्याखाली पुस्तकं. माझ्या उंचीला पोराची दहावीची दोन नवनीत बसतात. पंधरा-वीस मिनिटं, झोपायचं नाही, डोळे उघडे. दुपारी शटर अर्धं ओढून काउंटरच्या मागं करतो, एकदा गिऱ्हाईक वाकून बघून घाबरून गेलं.

पुरावा काय म्हणून मीच विचारलं, पट्ट्यावर पैसे घालवून शहाणा झालोय. इंग्लंडमध्ये २००८ साली ५७९ पाठदुखीवाल्यांवर अभ्यास छापून आलाय. वर्षानंतर नेहमीच्या उपचारवाल्यांची चार आठवड्यांत २१ दिवस पाठ दुखायची, २४ लेसन घेतलेल्यांची ३ दिवस. मानेवर २०१५ चा आहे, ५१७ जण, तिथंही फायदा दिसला, पण अॅक्युपंक्चरवाल्यांनाही जवळपास तेवढाच. म्हणजे सुया टोचून घेतल्या असत्या तरी चाललं असतं कदाचित. हे मॅडमनी स्वतःच सांगितलं, मला ते आवडलं.

माझे बारा लेसन झाले, तीन महिने, ९६०० रुपये. मुंग्या जवळपास गेल्या. मान अजून दुखते पण आखडत नाही, आणि दुखायच्या आधी कळतं की आपण काय करतोय. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला आकडा उलटा मोजताना खांदे वर जातात, आता ते जाताना पकडतो. मात्र काम घाईचं असलं, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं की सगळं विसरतो.

एकदा काकांना सोबत नेलं. सत्तरीचे, आयुष्य तालमीत गेलेलं, लहानपणापासनं मला "छाती काढ" म्हणून पाठीत धपाटे घालणारे. मॅडमनी त्यांना जमिनीवर बसवलं आणि उठा म्हटलं. काका हात न टेकता उठले, डोकं पुढं, मागनं सगळं अंग. मॅडम बघतच राहिल्या, म्हणाल्या यांना शिकवायला काय नाही, फी घेतली नाही. जिना उतरताना काका म्हणाले, "आठशे वाचलं तुझं, मिसळ चार." चारली. रस्सा भुरकताना त्यांच्या मानेकडेच बघत होतो मी.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा त्या इंग्लिशसाठी कापला, एक जागेसाठी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली गाडी लावायला जागा नाही, मान सैल सोडून वर पोचेपर्यंत दम लागतो आणि पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. गुडघे धरलेले असतील तर फोनवर आधी विचारा, रविवारी सकाळी मॅडम एका ठिकाणी खालच्या मजल्यावरही घेतात. पण रविवारचं सगळं बुक असतं, त्यातला एक नंबर माझा हाय.