हमिंग नेमकं कुणाचं? ‘द केअरटेकर’चे साडेसहा तास, आठ महिन्यांनंतर

इंग्लिश संगीतकार लेलँड जेम्स कर्बीने ‘द केअरटेकर’ या नावाने २०१६ ते २०१९ मध्ये सहा टप्प्यांत ‘एव्हरीवेअर अ‍ॅट द एंड ऑफ टाइम’ हा साडेसहा तासांचा अल्बम काढला. बॉलरूम नाचाच्या जुन्या रेकॉर्डी घेऊन, त्या टप्प्याटप्प्याने बिघडवत त्याने स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची विरत जाणारी स्मृती ऐकवली आहे. आता थेट तक्रारीवर येतो: चौथ्या टप्प्यापासून पुढे जे हमिंग (सलग घूंऽ असा आवाज) ऐकू येत होतं त्यासाठी पाच महिने मी रेकॉर्डिंगला नावं ठेवली. दोष लॅपटॉपच्या चार्जरचा निघाला.

पहिल्या तीन टप्प्यांत असा गोंधळ होत नाही. तुकडे छोटे आहेत, धून ओळखता येते. खरखर तर आपल्या कानाला सवयीचीच. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डी ऐकलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. चौथ्या टप्प्यापासून मात्र प्रत्येक टप्प्यात चारच लांबलचक तुकडे, आणि त्यांत गोंगाट हेच संगीत. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की बिचारा माणूस विसरला, कळायला मार्ग नाही.

यावर उपाय साधा आहे. शंका आली की अर्धा मिनिट मागे जा. तीच खरखर पुन्हा त्याच सेकंदाला आली तर ती कर्बीची. जागा बदलली तर जॅक किंवा वायर तपासा. हमिंगला हा उपाय चालत नाही, कारण ते सलग असतं. तिथे प्लेयर पॉझ करा आणि आवाजाचा नॉब आहे तिथेच ठेवा. गाणं थांबूनही घूंऽ चालूच असेल तर ते घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचं हमिंग. आता चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे दोन उपकरणं वेगवेगळ्या वाटांनी अर्थ झाल्याने त्यांच्यात प्रवाह फिरतोय. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा. प्लगाची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, शॉक बसेल. हा फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटरही दोन-तीनशे रुपयांत मिळतो, पण स्वस्तातल्याचा ट्रान्सफॉर्मर इवलासा असतो, खालचे सूर खातो. आणि पाचव्या-सहाव्या टप्प्यांत उरतात ते बरेचसे खालचेच सूर. बॅटरीवर ऐकणं फुकट पडतं.

दुरुस्तीवाल्याने अ‍ॅम्प्लिफायर उघडून ‘ओके आहे, गाणंच असं आहे’ म्हणून चेकिंग चार्ज घेतला. चार्जरकडे त्याने पाहिलंही नाही. पैसे गेल्याचा राग अजून आहे.

ब्लूटूथ स्पीकरवर हे ऐकूच नये. आवाज फार खाली गेला की बरेच स्पीकर स्वतःहून म्यूट होतात आणि पुढच्या सुराची सुरुवात कापली जाते. कमी बिटरेटच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीतही तोच घोळ: खरखरीचे बारीक टिचके दाबताना एन्कोडर त्यांच्या कडा बोथट करतो, सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवरून फ्लॅक (काहीही न गाळता साठवलेली) फाइल घ्या. व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (प्लेयरने आवाज आपोआप सारखा करणं) बंद ठेवा, नाहीतर टप्प्यांमधला चढउतार सपाट होतो. पण मग नॉब बेताने फिरवा. चौथ्या टप्प्यात एके ठिकाणी भोंग्यासारखा आवाज एकदम अंगावर येतो.

गोव्यात दोन गोष्टी जास्तीच्या. खाऱ्या हवेने जॅकवर हिरवट थर चढतो आणि एका बाजूची खरखर सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला की जाते. शिवाय जूनमध्ये लाइट सारखी जाते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (लाइट गेल्यागेल्या लगेच बॅटरीवर जाणारा) नसेल तर डेस्कटॉप त्या क्षणभरात रीस्टार्ट होतो आणि ऐंशीहून जास्त मिनिटांचा टप्पा मधेच तुटतो.

घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असेल तर हे त्याच्यासाठी लावू नका. हे उपचाराचं संगीत नव्हे. त्याला त्याच्या ओळखीचं भजन, नाट्यपद किंवा गोव्याचा मांडो लावा.

आधीचं मत बदलतोय: शेवटचे टप्पे ताणलेले वाटले होते, तसे ते नाहीत. सहाव्याच्या शेवटी समूहगान येतं आणि त्यानंतर एक मिनिट पूर्ण शांतता. चार्जर लावलेला असताना ते मिनिट मला कधी मिळालंच नव्हतं.